जुना ट्रॅक्टर घेताना

सुगी उरकली, सोयाबीनचे नाही तर कापसाचे चार पैसे हातात आले, की गावोगाव एकच बोलणे ऐकू येते. "बैलजोडी सांभाळणे आता जमत नाही. एखादा जुना ट्रॅक्टर घेऊन टाकावा." हे बोलणे काही चुकीचे नाही. बैलांना बारा महिने वैरण लागते, पेंड लागते, गडी लागतो. शिवाय पेरणीच्या वेळी वापसा आला, की भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसावे लागते. तोवर वापसा निघून जातो. आपला ट्रॅक्टर दारात असला म्हणजे ही अडचण राहत नाही.

पण जुना ट्रॅक्टर घेताना पुष्कळजण फसतात. कोणी नव्या रंगाला भुलतो. कोणी दलालाच्या गोड बोलण्याला भुलतो. ट्रॅक्टर घरी येतो आणि महिन्याभरात त्याचे इंजिन खोलावे लागते. नाही तर एके दिवशी बँकेची माणसे येतात आणि ट्रॅक्टर ओढून नेतात. चार एकरांच्या धन्याला असा फटका बसला, तर तो भरून काढायला वर्षे जातात. कधी कधी जमिनीचा तुकडाच विकावा लागतो. म्हणून जुना ट्रॅक्टर कसा पाहावा आणि त्याचे कागद कसे वाचावेत, हे आम्ही येथे क्रमाने सांगणार आहोत.

आधी घरचा हिशेब

बाजारात जाण्यापूर्वी पाटी-पेन्सिल घेऊन घरी बसावे. २०१५-१६ सालच्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे. म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्या जमिनीला स्वतःचा ट्रॅक्टर परवडतो का? हिशेब मांडून पाहू या. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही आपल्या गावचे आकडे घालावेत.

समजा, भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरट, रोटर, पेरणी आणि पाळी अशी सगळी कामे करून घेतली. एका एकराला वर्षाचे ६,००० रुपये जातात. तेच काम आपल्या ट्रॅक्टरने केले, तर एकराला ८ तास लागतात. तासाला ३ लिटर म्हणजे २४ लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले, तर ठोकळ मानाने २,२०० रुपये झाले. म्हणजे आपला ट्रॅक्टर असल्यामुळे एकरामागे ३,८०० रुपये वाचले.

आता दुसरी बाजू पाहा. ट्रॅक्टर २,५०,००० रुपयांना घेतला. दुरुस्ती आणि टायर यांना ६०,००० लागले. कागदपत्रांना १०,००० लागले. एकूण ३,२०,००० झाले. दहा वर्षे वापरून तो १,२०,००० रुपयांना विकला. म्हणजे दहा वर्षांत दोन लाख झिजले. वर्षाला २०,००० पडले. पैसे कर्जाने काढले असतील, तर शेकडा १० दराने पहिल्या वर्षाचे व्याज ३२,००० होते. विमा, ऑईल आणि किरकोळ दुरुस्तीला १६,००० धरा. सगळे मिळून वर्षाला ६८,००० रुपये.

चार एकर जमीन असली, तर वर्षाला वाचतात १५,२०० रुपये. आणि खर्च होतो ६८,००० रुपये! हा ट्रॅक्टर फिटायला सुमारे १८ एकरांचे काम हवे. कर्ज न काढता घरच्या पैशाने घेतला, तर व्याज जाते आणि खर्च ३६,००० वर येतो. तरीही साडेनऊ एकरांचे काम लागतेच.

मग छोट्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेऊच नये काय? तसे नाही. वाटा तीन आहेत. पहिली वाट म्हणजे दोन-तीन भावांनी किंवा बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यांनी मिळून एक ट्रॅक्टर घ्यावा. मात्र वापसा आल्यावर पहिली पाळी कोणाची, डिझेल कोणी भरायचे, दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, हे आधीच कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. भाऊबंदकी तोंडी बोलण्यातून सुरू होते. दुसरी वाट म्हणजे आपले काम उरकून शेजाऱ्यांचे काम भाड्याने करावे. पण त्यासाठी चालवायला माणूस आणि वेळ हवा. तिसरी वाट म्हणजे ट्रॅक्टर न घेता अवजार बँकेकडून किंवा गावातल्या ट्रॅक्टरवाल्याकडून काम करून घ्यावे. उरलेला पैसा विहिरीला, पाइपलाइनला लावावा. हिशेबात ही तिसरी वाट बरी निघाली, तर तीच धरावी. त्यात कमीपणा कसला?

किती ताकदीचा घ्यावा?

ट्रॅक्टरची ताकद अश्वशक्तीत मोजतात. लोक तिला एच.पी. म्हणतात. शेजाऱ्याने ५० एच.पी.चा घेतला म्हणून आपणही तेवढाच घ्यावा, असे नाही. मोठा ट्रॅक्टर डिझेल जास्त पितो, त्याचे टायर महाग असतात आणि लहान वावरात तो वळवायला जागा जाते. चार कोपरे नांगरायचे राहून जातात.

द्राक्षाच्या, डाळिंबाच्या बागेत दोन ओळींमधून जायचे असेल, फवारणी करायची असेल, तर १५ ते २० एच.पी.चा लहान ट्रॅक्टर चालतो. मिश्र पिकांच्या जमिनीला, पेरणी-पाळीला २५ ते ३५ एच.पी. पुष्कळ होतात. काळ्या भारी जमिनीत खोल नांगरट करायची असेल किंवा मोठा रोटर लावायचा असेल, तर ४० आणि त्यावरची ताकद लागते. पण खोल नांगरट वर्षातून एकदाच होते. तेवढे एक काम भाड्याने करून घेतले आणि बाकीच्यासाठी लहान ट्रॅक्टर ठेवला, तर पुष्कळदा स्वस्त पडते.

ताकदीबरोबर सुट्या भागांचाही विचार करावा. तालुक्याच्या गावी ज्या ट्रॅक्टरचे भाग मिळतात आणि ज्याचे काम येणारा मिस्त्री जवळ आहे, तोच ट्रॅक्टर आपल्या कामाचा. उदाहरण म्हणून एच.एम.टी.चे नाव घेऊ. हरियाणातल्या पिंजोर येथे १९७१ साली हे ट्रॅक्टर बनू लागले. २०१६ साली केंद्र सरकारने हा विभाग बंद करण्याचे ठरवले. असा बंद पडलेल्या कारखान्याचा ट्रॅक्टर स्वस्त मिळाला, तर दुकानदाराला आधी विचारावे, "याचे भाग मिळतात ना?" उत्तर ऐकून मगच पुढे जावे.

ट्रॅक्टर कुठे राबला?

माणसाच्या हाताचे घट्टे पाहून त्याचे काम ओळखता येते. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. तो पूर्वी कुठे राबला, हे त्याच्या अंगावर दिसते.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत पुष्कळ ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या ओढतात. अशा ट्रॅक्टरचा क्लच, ब्रेक आणि गिअर लवकर झिजतात. मागे ट्रॉली जोडायची पट्टी पाहा. तिचे भोक गोल न राहता लांबट झाले असेल, तर ट्रॅक्टरने जड ओझे पुष्कळ ओढले आहे असे समजावे. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे भाताच्या खाचरात ट्रॅक्टरने चिखलणी करतात. अशा ट्रॅक्टरच्या चाकांच्या आत, धुरीच्या टोकांशी चिखलपाणी शिरते. तेथे गंज आहे का, ऑईल पाझरते का, हे वाकून पाहावे.

किती तास चालला हे दाखवणारे मीटर समोर असते. पण मीटर बदलता येते. क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्या मात्र खोटे बोलत नाहीत. मीटरवर थोडे तास दिसतात आणि पायपट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. अंगावर नवा रंग दिसला, की त्याखाली वेल्डिंगचे जोड आहेत का, हे बोटाने चाचपून पाहावे.

इंजिन थंड असताना जावे

ट्रॅक्टर पाहायला सकाळी जावे. "आम्ही येईपर्यंत सुरू करू नका," असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. गेल्याबरोबर इंजिनाला हात लावावा. ते गरम लागले, तर मालकाने आधीच सुरू करून ठेवले आहे. गरम इंजिन कसेही सुरू होते. खरी परीक्षा थंड इंजिनाची असते.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. ऑईलची पट्टी बाहेर काढावी. ऑईल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. मग रेडिएटरचे झाकण उघडावे. हे झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचे, नाही तर उकळते पाणी अंगावर येते. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तरी तोच रोग समजावा. हे काम खर्चाचे आहे.

आता ट्रॅक्टर सुरू करायला सांगावे आणि सायलेन्सरच्या धुराकडे पाहावे. सुरू होताना थोडा धूर येणारच. पण इंजिन तापल्यावरही धूर चालू राहिला, तर त्याचा रंग ओळखावा.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जाळते आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जाते आहे किंवा हवा कमी मिळते आहे. कधी नुसती हवेची जाळी साफ केली की भागते. कधी पंपाचे काम निघते.

पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जाते आहे.

इंजिन चालू असतानाच ऑईल भरायच्या तोंडाचे झाकण सांभाळून उघडावे. तेथून धुराचे झोत भकाभक बाहेर आले, तर इंजिन आतून झिजले आहे. लवकरच पूर्ण इंजिनकाम करावे लागेल. त्याचा खर्च मिस्त्रीला विचारून भावातून वजा करावा, नाही तर तो ट्रॅक्टर सोडून द्यावा.

चालवून पाहावे

नुसते उभ्या ट्रॅक्टरवर सौदा करू नये. तासभर चालवून पाहावा.

क्लच असा तपासतात. सपाट मोकळ्या जागी ब्रेक घट्ट दाबावा. वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले, तर क्लच चांगला. इंजिन चालूच राहिले, तर क्लच घसरतो आहे. प्रत्येक गिअर टाकून शेतात थोडे ओझे ओढावे. गिअर आपोआप सुटत असेल, तर आतले दाते झिजले आहेत. पुढची चाके हातांनी हलवून पाहावीत. ती खडखड हलली, तर पुढच्या धुरीच्या खिळ्यांचे आणि बुशांचे काम आहे.

लिफ्ट तपासायला नांगर लावून वर उचलावा आणि इंजिन बंद करावे. घड्याळात दहा मिनिटे पाहावे. नांगर लगेच खाली येऊन टेकला, तर लिफ्टमध्ये गळती आहे. मागचा फिरणारा दांडा, ज्याला पी.टी.ओ. म्हणतात, तोही चालवून पाहावा. त्यावर झाकण आहे ना, हे पाहायला विसरू नये. धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर त्या दांड्यात अडकून माणसे मेली आहेत. झाकण नसेल तर बसवून घ्यावे. पैसा मागे-पुढे मिळेल, माणूस मिळणार नाही.

टायरांकडे नीट पाहावे. मागचे दोन टायर म्हणजे मोठा खर्च. नक्षी किती उरली आहे, बाजूला चिरा आहेत का, जुन्याच टायरवर नवे रबर चढवले आहे का, हे पाहावे.

हे सगळे स्वतःला जमत नसेल, तर ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याची मजुरी आपण द्यावी. दलालाने आणलेला मिस्त्री दलालाचेच गाणे गातो.

आता कागद वाचा

इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. कागद बिघडलेला असला, तर ट्रॅक्टरच हातचा जातो. तुम्ही आता अक्षरे वाचू लागला आहात. त्याचा उपयोग येथे करा. "मी वाचून दाखवतो," असे कोणी म्हणाले, तरी कागद आपल्या हातात घ्यावा आणि बोट ठेवून सावकाश वाचावा.

आर.सी. बुकात प्रथम मालकाचे नाव वाचावे. विकणारा आणि मालक एकच आहे का? मालक वारला असेल, तर आधी वारसांच्या नावावर नोंद झाली पाहिजे. मग इंजिनाचा नंबर आणि चेसिसचा नंबर वाचून ट्रॅक्टरवर ठोकलेल्या नंबरांशी एकेक अंक जुळवावा. एक अंक जरी चुकला, तरी सौदा थांबवावा.

नंतर नोंदणीची तारीख पाहावी. नव्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मुदत संपत आली असेल, तर तो खर्चही हिशेबात धरावा. ट्रॉली बरोबर घेत असाल, तर तिची नोंदणी वेगळी असते. तिचे कागद वेगळे मागावेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोजा. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असला, की आर.सी. बुकात बँकेचे नाव लिहिलेले असते. "हप्ते फिटले हो, फक्त नाव काढायचे राहिले," असे विकणारा सांगतो. त्याचे बोलणे खरेही असेल. पण पुरावा हवा. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, त्यावर बँकेचा सही-शिक्का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. कर्ज बाकी असेल, तर विकणाऱ्याबरोबर आपण बँकेत जावे आणि पैसे थेट त्या कर्जखात्यात भरावेत.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. त्यावर विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असते. विकत घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत घेणाऱ्याने आर.टी.ओ. कचेरीत कळवावे, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. दुसऱ्या राज्यातला ट्रॅक्टर असेल, तर तेथल्या कचेरीचा नाहरकत दाखलाही लागतो. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यावा.

पुष्कळजण नाव बदलायचा कंटाळा करतात. "गावातलाच माणूस आहे, काय घाई आहे?" असे म्हणतात. हे दोघांनाही महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यात निकाल दिला. एक मोटार हातोहात चार जणांकडे गेली, पण नोंदणीत नाव पहिल्याच मालकाचे राहिले. तिच्यामुळे अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीतल्या मालकावर ठेवली. मोटार त्याने केव्हाच विकली होती! विकणारा सही करायला टाळाटाळ करू लागला, तर त्याला ही गोष्ट सांगावी. आणि घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की नाव आपले नसेल, तर विम्याचा पैसा मागताना आणि ट्रॅक्टर पुढे विकताना आपलाच हात अडकतो.

भाव ठरवताना

त्याच ताकदीचा नवा ट्रॅक्टर आज कितीला मिळतो, हे दुकानात जाऊन विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायरांवरचा करही कमी झाला. तेव्हा कोणी त्याआधीच्या नव्या भावाशी तुलना करून जुन्याची किंमत सांगू लागला, तर ती ऐकून घेऊ नये.

मग कागदावर वजाबाकी करावी. मागितलेला भाव वर लिहावा. खाली टायर, क्लच, बॅटरी, इंजिनकाम, नोंदणी आणि विमा यांचा खर्च लिहावा. दोन ट्रॅक्टर पाहिले असतील, तर दोघांच्या भावात आपापला खर्च मिळवून पाहावा. दोन लाखांचा ट्रॅक्टर दीड लाखाचे काम काढत असेल आणि पावणेतीन लाखांचा वीस हजारांत चालू लागत असेल, तर स्वस्त कोणता? पहिला पडतो साडेतीन लाखांना, दुसरा दोन लाख पंचाण्णव हजारांना.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. इसार दिला तर पावती घ्यावी. पावतीवर ट्रॅक्टरचा नंबर, ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, राहिलेली रक्कम आणि कागद पुरे करण्याची तारीख लिहिलेली असावी. ट्रॅक्टर ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळही लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्याआधी त्या ट्रॅक्टरने काही अपघात केला असेल, तर तो आपल्या गळ्यात पडायला नको. कोऱ्या कागदावर सही करू नये आणि अंगठाही उठवू नये, मग समोर सख्खा मावसभाऊ का असेना.

करून पाहा

१. तुमच्या शेतात वर्षभरात भाड्याच्या ट्रॅक्टरला किती पैसे जातात? कामे एकाखाली एक लिहून बेरीज करा.

२. गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरचे आर.सी. बुक मागून घ्या. मालकाचे नाव, चेसिसचा नंबर, नोंदणीची तारीख आणि बोजा या चार गोष्टी शोधून मोठ्याने वाचा.

३. एका ट्रॅक्टरची किंमत १,८०,००० रुपये आहे. त्याला टायर ४५,०००, क्लच १५,००० आणि कागदपत्रे १०,००० असा खर्च आहे. तो खरा कितीला पडला? उत्तर काढून घरच्या माणसांना समजावून सांगा.